थेंबाची वाट पाहणाऱ्या बाई

मार्था गायकवाड यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीने आधी मुद्दे काढले. सतरा निघाले. त्यांत त्यांची पदवी नव्हती, पद नव्हतं, कुठल्या परिषदेसाठी कुठल्या देशात गेल्या तेही नव्हतं. पहिलाच मुद्दा होता: दाराबाहेर काढलेल्या चपला.

आमच्या संस्थेत सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत चपला घालून जायला कोणाची बंदी नाही. बाई मात्र अनवाणी जायच्या. पायांच्या आवाजाने यंत्र हलतं, असं त्यांचं म्हणणं. यंत्र ज्या टेबलावर बसवलं आहे ते हवेच्या गादीवर असतं, बाहेरून ट्रक गेला तरी त्याला कळत नाही, हे मी त्यांना कंपनीचा कागद पुढे ठेवून सांगितलं होतं. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, "अच्छा" म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या. त्या तपकिरी, अंगठ्यापाशी दोनदा शिवलेल्या चपला दाराशी दिसल्या की सगळ्या मजल्याला कळायचं, आत मॅम आहेत, दार उघडायचं नाही.

मॅम त्या सगळ्यांच्या. माझ्या एकटीच्या बाई. मी या संस्थेत प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. सामान मागवणं, नोंदी ठेवणं, यंत्रांच्या वेळा वाटणं ही माझी कामं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जिन्यात आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर वरच्या पायरीवर पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा घातलेल्या एक बाई थांबलेल्या.

"कुठली गं तू?"

"साताऱ्याची."

"मी नगरची. पंचवीस वर्षं दिल्लीत काढली, पण भाकरी घरचीच लागते. चल, खाऊन घे."

त्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, "मग, इथे काय दिसलं आत्तापर्यंत?"

हा त्यांचा कायमचा प्रश्न. "कशी आहेस", "काय चाललंय" हे त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला, भाजीवाल्याला, गाझियाबादहून येताना मेट्रोत शेजारी बसणाऱ्या अनोळखी मुलीलाही त्या हेच विचारायच्या. हिंदीत, "आज क्या देखा?" पहिल्यांदा माणूस गोंधळायचा. दुसऱ्यांदा त्याच्याकडे काहीतरी तयार असायचं. फाटकावरचे यादवजी तर सकाळपासून राखून ठेवायचे. "मॅडम, आज नीलगाय दिखी, पिछली दीवार के पास." बाई थांबून सगळं ऐकून घ्यायच्या. नीलगायीचा कोणता कान हलत होता, इथपर्यंत.

विद्यार्थ्यांना मात्र हा प्रश्न जड जायचा, कारण बाईंना खोटं उत्तर लगेच ओळखू यायचं. एखादा मुलगा यंत्रातून बघून धडाधड सांगू लागला की त्या हात वर करायच्या. "ये तुमने पढ़ा है. देखा क्या, वो बोलो."

त्यांचा विषय त्या एका वाक्यात सांगायच्या: पेशी आपलं तेल कुठे ठेवते? मला विज्ञानातलं जे कळतं ते यादीपुरतं. कोणती बाटली थंडीत, कोणती अंधारात. पण हा विषय मला कळला, कारण एका मंगळवारी कँटीनमध्ये पुरी-भाजी होती. बाईंनी ताटातली फुगलेली पुरी दोन बोटांत धरून समोरच्या चार विद्यार्थ्यांना दाखवली. पुरीला वाटतं आपण एक आहोत, त्या म्हणाल्या, पण कढईत पडली की तिचे दोन पदर सुटतात. पेशीच्या आतही असाच दुपदरी पडदा असतो, घड्याघड्यांचा, लांबच लांब. चरबी तयार होते ती या पडद्यात. बाहेर सगळीकडे पाणी, तिथे तेलाला थारा नाही. मग ते दोन पदरांच्या मध्येच गोळा होतं. आधी चपटं, भिंगासारखं. मग एका अंगाने फुगत जातं आणि शेवटी थेंब होऊन बाहेर निघतं. निघताना बाहेरचा एक पदर अंगावर ओढून घेतं.

"तो फिर टूट के अलग हो जाता है, मॅम?"

"कभी हो जाता है, कभी डोरी से बँधा रहता है. बच्चों जैसा." आणि तोवर पुरी बसली होती, तीच त्यांनी खाल्ली.

पेशी हे थेंब का करते, तर मोकळी चरबी तिला मारक असते आणि पुढे कधीतरी लागणारही असते. म्हणून बांधून ठेवायची. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. तेही पाण्यात विरघळत नाही. आपण गाजर खातो, अंडी खातो, त्यातलं बरंचसं यकृतातल्या विशिष्ट पेशींमध्ये अशाच थेंबांत जाऊन बसतं. चांदणीसारख्या पेशी त्या, चारी बाजूंना लांब हात पसरलेल्या. आणि बाईंचा जीव जिच्यात अडकला होता ती गोष्ट पुढेच आहे. त्या थेंबांवर एका ठरावीक जातीचा प्रकाश पाडला, की कुठलाही रंग न घालता ते आपोआप चमकतात. निळसर हिरवे. मी पाहिले आहेत. आणि चमकतात ते काही सेकंदच. ज्या प्रकाशात ते दिसतात तोच प्रकाश त्यांना विझवतो. एकदा विझला की तो थेंब पुन्हा उजळत नाही.

म्हणून बाई मोजायच्या. कोणीही डोळा लावला, की शेजारी उभ्या राहून मराठीत, सावकाश: एक, दोन, तीन. सातला प्रकाश बंद. मग डोळा लावणारा केरळचा असो, मणिपूरचा असो की खुद्द संचालक असोत. एकदा बाहेरच्या देशातले एक मोठे पाहुणे आले होते. त्यांनी सातनंतरही डोळा हलवला नाही. बाईंनी त्यांच्या देखत झडप बंद केली आणि नम्रपणे म्हणाल्या, की बाकीचे थेंब उद्या येणाऱ्या मुलीसाठी आहेत. आमच्या मजल्यावर भारताच्या कानाकोपऱ्यातून आलेली जी मुलं शिकून गेली, त्यांना मराठीतलं दुसरं काही येवो न येवो, सातपर्यंत आकडे येतात.

नवीन मुलांना हात बसावा म्हणून बाई बकऱ्याचं ताजं यकृत आणायच्या. मुनिरक्याच्या गल्लीत, जिथे आमचे निम्मे विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात, तिथला एक खाटीक त्यांच्यासाठी पहाटेचा तुकडा बर्फावर ठेवायचा. दर सोमवारी एक पांढऱ्या केसांची बाई छोटासा कलेजीचा तुकडा नेते, तेव्हा तिच्या अंगात रक्त कमी असणार, हा त्याचा निष्कर्ष. वर्षभराने त्याने विचारलं, "मॅडम, अब खून कितना हुआ?" बाई त्याला सगळं समजावून बसल्या असत्या, पण मागे गिऱ्हाईकं होती. "बढ़ रहा है, भाई," त्या म्हणाल्या. तो इतका खूश झाला की पुढे कायम मोठा तुकडा द्यायचा.

करोल बागेची गोष्ट तर मी स्वतः साक्षीला होते. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचा पडदा जुना झाला होता, कडेने उजेड आत यायचा. मी नियमाप्रमाणे मागणी लिहिली असती, पण त्याला वेळ लागला असता. म्हणून एका शनिवारी आम्ही दोघी काळं कापड घ्यायला गेलो. माझ्याकडे खोलीची मापं, कापडाचा पन्हा, दुकानांची नावं असं सगळं कागदावर होतं. बाईंकडे फक्त पिशवी. पहिल्याच दुकानात त्यांनी दुकानदाराच्या हातातला फोन मागितला, त्याचा दिवा लावला आणि प्रत्येक ताग्याच्या मागे धरायला सांगितलं.

"आंटीजी, सूट बनवाना है या फोटो स्टुडिओ?"

"अँधेरा बनवाना है."

दुकानदार सरदारजी होते, वयाने बाईंएवढेच. त्यांनाही मग चेव आला. एकावर एक अठरा तागे उघडले गेले. शेवटी मखमलीचा एक तागा निघाला, ज्यातून काहीच येईना. सरदारजी स्वतः काउंटरखाली जाऊन, तो डोक्यावर घेऊन बसले आणि आतून ओरडले, "बिल्कुल कुछ नहीं दिखता, बहनजी." बाईंना त्या दिवशी जेवढं हसताना पाहिलं तेवढं नंतर एकदाच पाहिलं.

हे सगळं कशासाठी, तर बाईंना एक थेंब सुरुवातीपासून बघायचा होता.

ऐकायला लहान गोष्ट आहे. तयार थेंब त्यांनी हजारो पाहिले होते. पण प्रत्येक वेळी डोळा लावावा तर थेंब आधीच आलेला. पेशींना अ जीवनसत्त्व आणि चरबी घालायची, काचेच्या बशीत जिवंत ठेवायच्या आणि काहीच नाही इथपासून आहे इथपर्यंत एका थेंबाचं चित्रण करायचं, असा बेत होता. अडचण मी सांगितलीच आहे. बघायला प्रकाश हवा, आणि प्रकाश पडला की चमक जाते, जास्त पडला तर पेशीही जाते. म्हणून अगदी मंद उजेड, क्षणभर, मधे लांब थांबायचं, पुन्हा क्षणभर. यंत्राच्या भिंगाखाली पेशीचा एक कोपराच मावतो. बाई केंद्रकाजवळचा कोपरा धरायच्या, कारण दुपदरी पडद्याच्या घड्या तिथे दाट असतात. तिथेच सुरुवात होणार, असं त्यांचं मत होतं. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन तास त्या तिथे बसायच्या. अकरा वर्षं. मधूनच आतून त्यांच्या चर्चमधल्या गाण्याची गुणगुण ऐकू यायची, शब्द नसलेली. गुणगुण थांबली की आम्ही बाहेर एकमेकांकडे बघायचो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची. म्हणजे नाही.

निवृत्तीला महिना उरला असताना जे झालं ते माझ्यामुळे झालं. ते लिहायलाच हवं.

दीपशिखा ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. बिहारमधल्या गयेची, मुनिरक्यात राहणारी, पाचव्या वर्षाला आलेली. प्रबंध द्यायला पाच आठवडे उरले होते आणि मुदत एकदा वाढवून झाली होती. तिने आयुष्यभर बशीतल्या पेशींवर काम केलेलं. शेवटच्या प्रकरणासाठी पहिल्यांदाच उंदरांची यकृतं होती, निरनिराळा आहार दिलेल्या उंदरांची. कुठल्या आहारात थेंब किती, हे मोजायचं होतं. ते मोजल्याशिवाय प्रबंध नाही. त्याच आठवड्यात बाईंच्या बहिणीचं दुखणं वाढलं आणि त्या नगरला गेल्या.

दीपशिखा माझ्याकडे आली. "वंदना दीदी, ये टुकड़े सेक्शन के लिए कैसे भेजने हैं?"

भिंतीवर माझी यादी होती. लॅमिनेट केलेली, बारा कलमांची, माझ्या अभिमानाची. "लिस्ट लगी है ना," मी म्हणाले. "ऊपर से नीचे चलो. बीच में कुछ सोचना नहीं."

तिने तसंच केलं. फॉर्मॅलिन, मग चढत्या ताकदीचं अल्कोहोल, मग झायलीन, मग मेण, म्हणजे तुकडा घट्ट होतो आणि त्याचे पातळ काप काढता येतात. शेकडो नमुने या वाटेने गेले आहेत, उत्तम निघाले आहेत. फक्त अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन काढतात. ज्याला चरबीच बघायची आहे त्याने या वाटेने जायचंच नसतं. तुकडा गोठवून कापायचा असतो. माझ्या बारा कलमांत ते कुठेच नव्हतं, कारण बाईंशिवाय आमच्याकडे कुणाला ते लागलंच नव्हतं. आणि बाईंनी कधी कुठली यादी वाचली नव्हती.

बाई परतल्या, चपला काढल्या, आत गेल्या. मी आणि दीपशिखा मागे उभ्या. बाईंनी पहिली काच लावली, मग दुसरी, तिसरी. मोजलं नाही, कारण चमकायला काहीच नव्हतं. साध्या उजेडात त्यांनी दीपशिखाला बघायला दिलं. पेशी होत्या, आणि त्यांत जिथे थेंब असायचे तिथे पांढरी गोल भोकं.

"क्या दिखा?" बाईंनी विचारलं.

"खाली है, मॅम."

"हाँ. घर हैं, रहनेवाले निकल गए."

दीपशिखा जिन्यात जाऊन रडली. मी तिथे गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते.

विभागप्रमुखांनी बैठक घेतली. हे कसं झालं, असं त्यांनी विचारलं आणि मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली बाईंचा हात माझ्या मनगटावर आला. चापटी नाही, नुसता ठेवलेला. "सुट्टीवर जाताना मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझी विद्यार्थिनी, माझे नमुने." प्रमुखांनी ते लिहून घेतलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर लागलेली ती एकच चूक, आणि ती त्यांची नव्हती.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "बाई, ती यादी मी आज काढून टाकते."

"कशाला? चांगली आहे. फक्त सगळ्यात वर एक ओळ घाल."

"कुठली?"

"यातलं काय शिल्लक राहायला हवं? ते आधी विचारायचं. मग तुझी बारा कलमं."

ती ओळ मी घातली. आता तेरा आहेत.

सुदैवाने सगळं गेलेलं नव्हतं. प्रत्येक यकृताचा नखाएवढा तुकडा गोठवून ठेवायला बाईंनी आधीच सांगितलं होतं. सगळं एकदम कुणाच्या हाती देऊ नये, ही त्यांची जुनी शिकवण. ते तुकडे गोठलेलेच कापून मोजता आले असते. पण त्यासाठी तोच सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि त्याचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. तीन विभागांनी महिनाभर भरलेलं. प्रत्येकाकडे जाऊन मी हात जोडले. कुणाचा शोधनिबंध अडलेला, कुणाचं अनुदान संपत आलेलं. कुणीच सोडायला तयार होईना. त्या वहीत मोकळ्या करता येण्यासारख्या सहा दुपारी होत्या. मंगळवार आणि गुरुवार, तीन आठवडे. बाईंच्या शेवटच्या सहा.

त्यांनी वही पाहिली आणि माझ्याच पेनाने सहाही ठिकाणी स्वतःचं नाव खोडून दीपशिखाचं लिहिलं.

"बाई, एक ठेवा स्वतःला. पाचात तिचं होईल."

"होईल?"

"ओढूनताणून."

"मग नको. ओढूनताणून मोजलेले थेंब मला चालत नाहीत."

"आणि तुमचा?"

"माझं काय. तो तर होतच असतो गं, मी बघो न बघो. तुझ्या-माझ्या पोटात आत्ता होत असेल." हे त्या हसून म्हणाल्या. मग थर्मासच्या झाकणात काळा चहा ओतला, आणि तो तसाच निवत ठेवून खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत राहिल्या. मी वही मिटली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी सहावी दुपार होती. सभागृहात निरोपाची तयारी, फुलं, समोसे, सगळं माझ्याकडे. बाई मात्र सूक्ष्मदर्शकाच्या खोलीबाहेर लोखंडी खुर्चीवर बसलेल्या. आत दीपशिखा शेवटच्या काचा मोजत होती. चार वाजता तिने दार किलकिलं केलं.

"मॅम, हो गया. एक बार देख लीजिए."

बाई आत गेल्या. त्यांनी डोळा लावला, आणि शेजारी उभी राहून दीपशिखाने मोजलं. एक, दोन, तीन, गयेच्या उच्चारात. सातला बाईंनी स्वतःहून डोळा उचलला.

"किसके हैं?"

"चार नंबर के."

"अच्छे हैं. भरे हुए हैं." मग दाराकडे वळत, "चलो, समोसे ठंडे हो रहे होंगे. वंदना ने लिस्ट बनाई होगी."

दीपशिखाचा प्रबंध वेळेत गेला.

त्यानंतर दोन वर्षं बाई गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये एकट्या होत्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्यात. मी महिन्यातून एका रविवारी जायचे. मेट्रो, मग ई-रिक्षा, मग चौथा मजला. दार उघडायच्या आधीच आतून प्रश्न यायचा, "काय दिसलं?" मी मेट्रोत बसल्या बसल्या तीन गोष्टी जमवून ठेवायचे. निघताना त्या काठी टेकत लिफ्टने खाली यायच्या आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकाशी थांबायच्या. नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत.

गुडघे फार धरल्यावर त्यांनी मुलाकडे जायचं ठरवलं. सामानाची बांधाबांध सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात दीपशिखाची फाइल आली. ती आता दक्षिणेत एका मोठ्या प्रयोगशाळेत होती. तिथला कॅमेरा इतका संवेदनशील, की त्याला प्रकाश जवळजवळ लागतच नाही, आणि एका चौकटीत अख्खी पेशी मावते. चाळीस सेकंदांची फिल्म होती, तीन तासांचं काम आवळून केलेली. सोबत निरोप होता: "इसे मैम को आप ही दिखाइए. मेरे सामने मैम सिर्फ़ गलतियाँ बताएँगी."

पुढच्या रविवारी गेले. हीच आमची शेवटची भेट. पुण्याला गेल्यावर बाई चार महिन्यांनी वारल्या.

घरात खोकी पसरलेली. त्यांच्याच संगणकावर मी फाइल चढवली. त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले, खरं तर गरज नव्हती, आणि खुर्चीत बसल्या.

"लावू?"

"थांब गं. आधी पेशी तर बघू दे."

पहिली स्थिर चौकट त्या पाच-सात मिनिटं बघत राहिल्या. काळोखात जेमतेम राखाडी आकार. "हे केंद्रक. हा एक हात वर गेलाय. हा डावीकडे, केवढा लांब आहे बघ." मग त्यांनी केंद्रकाच्या बाजूला पडद्यावर बोट ठेवलं. "इथे येईल. लाव आता."

मी लावली. पंचवीस सेकंद काहीच नाही. तीस. आणि मग डावीकडच्या त्या लांब हाताच्या पार टोकाला काहीतरी उजळलं. कण होता, मग ठिपका झाला, मग गोल, निळसर हिरवा थेंब.

"आला, बाई."

"कुठे?"

"तिकडे. डावीकडे, टोकाला."

त्या स्वतःच्या बोटाकडे बघत होत्या. मान वळवेपर्यंत थेंब पूर्ण झाला होता आणि फिल्म संपली होती.

मग त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. चष्मा काढून पदराने डोळे पुसेपर्यंत त्या हसल्या. "अगं, अकरा वर्षं," त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी चुकीच्या दारात उभी होते. तो आपला मागच्या दाराने ये-जा करतोय." मग चष्मा घातला आणि आवाज पूर्वीचा झाला. "दीपशिखाला सांग, ही एक पेशी आहे. एका पेशीवरून काही म्हणायचं नाही. आणखी पन्नास कर म्हणावं. आणि तो पहिला कण दिसतो तीही सुरुवात नाही हं, त्याच्या आधीचं उजेडाला दिसतच नाही. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा त्यांनी बोट मांडीवर ठेवलं. थेंब येताना पाहिला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. मी चहा केला, खोक्यांवर नावं लिहिली, उरलेल्या सामानाची यादी करून फ्रिजवर चिकटवली. पावणेपाच झाले.

"बाई, निघते मी."

"हो. ये."

त्या उठल्या नाहीत. काठी भिंतीला तशीच होती. मी पर्स घेतली, दारापाशी गेले आणि वळून पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडे, अंबाडा थोडा सुटलेला, मान डावीकडे कललेली. समोर फिल्म पुन्हा सुरू झाली होती आणि पडदा अजून काळा होता. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिले. डावीकडे तो कण उजळला, बाईंचे खांदे किंचित पुढे झाले. मग मी आवाज न करता दार ओढून घेतलं.